सुओ मोटो, इन कॅमेरा, एक्स ग्रेशिया: बातमीतलं लॅटिन वाचायचं कसं आणि लिहायचं कसं

कोर्टाची बातमी असली की त्यात एक तरी लॅटिन शब्द असतोच आणि आपण त्याच्यावरून उडी मारून सरळ पुढच्या ओळीवर जातो, वाटतं असेल काहीतरी वकिली. पण बातमीतला खरा माल बऱ्याचदा त्या शब्दातच असतो. कोर्टाने स्वतःहून दखल घेतली की कोणी याचिका टाकली होती, सरकार पैसे देतंय ते हक्काचे की मर्जीचे, सुनावणी उघड आहे की दाराआड, हे सगळं तिथे ठरतं. मी काही वर्षं ठाण्यात एका छोट्या साप्ताहिकाच्या डेस्कवर कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, तपासायचो, आता वाशीला असतो, आणि सोसायटीच्या नोटिशीपासून लोकल बातम्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपर्यंत हे शब्द कसेही फेकलेले बघतो, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून काढावं. वाचणाऱ्यांनाही चालेल आणि ज्यांना लोकल बातम्या लिहायची हौस आहे त्यांनाही.

आधी एक पटकन, हे लॅटिन आपल्याकडे आलं ते इंग्रजांच्या कोर्टातून. मुंबई हायकोर्ट १८६२ चं, कामकाज इंग्रजीत, इंग्लिश कायद्याची भाषा लॅटिनने भरलेली, आणि रिपोर्टर ऑर्डरमधूनच बातमी काढणार, म्हणून शब्द जसाच्या तसा पेपरात उतरतो. मजा म्हणजे इंग्लंडमध्ये १९९९ साली दिवाणी कामकाजाचे नवीन नियम आले तेव्हा त्यांनी यातलं बरंचसं लॅटिन काढून टाकलं, 'एक्स पार्टे'च्या जागी साध्या इंग्रजीत 'नोटीस न देता' आणि 'इन कॅमेरा'च्या जागी 'खाजगीत' असं लिहायला लागले. आपण अजून धरून बसलोय. असो.

वाचायची माझी पद्धत सोपी आहे. शब्द दिसला की अर्थ नंतर शोधायचा, आधी स्वतःला विचारायचं की हे कोणी केलं, कोणाच्या सांगण्यावरून केलं आणि आता पुढे कोणाला काहीतरी करणं भाग आहे का. बातमीत याचं उत्तर नसेल तर रिपोर्टरला पण शब्द कळलेला नाही असं खुशाल समजा. लिहिणाऱ्याने उलटं करायचं, आधी काय घडलं ते मराठीत सरळ सांगायचं आणि कोर्टाने तो शब्द वापरला असेल तरच मागाहून टाकायचा.

सुओ मोटोपासून सुरू करू कारण हा सगळ्यात जास्त दिसतो. मूळ लॅटिन सुओ मोटू, आपल्याकडे सगळे सुओ मोटो म्हणतात, हेडलाईनमध्ये तर सुमोटो पण झालाय, त्यावर भांडण्यात अर्थ नाही, फक्त एका बातमीत एकच स्पेलिंग ठेवा. अर्थ इतकाच की कोणी दार ठोठावलेलं नसताना कोर्टाने स्वतःहून विषय हातात घेतला. बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण आठवत असेल, ऑगस्ट २०२४ मध्ये हायकोर्टाने त्याची अशीच स्वतःहून दखल घेतली होती. खड्ड्यांचं पण तसंच, २०१३ मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी मुंबईतल्या रस्त्यांबद्दल मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिलं आणि हायकोर्टाने त्यावरूनच जनहित याचिका करून घेतली, घोडबंदर रोडवरून रोज जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही. आता चूक कुठे होते, तर एखाद्या वकिलाने किंवा नगरसेवकाने याचिका टाकलेली असते, सहा महिने तारखा घेतलेल्या असतात आणि बातमीत येतं 'हायकोर्टाने घेतली सुमोटो दखल'. ज्याने चपला झिजवल्या त्याचं नावच गायब. म्हणून सुओ मोटो वाचलं की खाली याचिकाकर्ता म्हणून कोणाचं नाव आहे का ते बघायचं, असेल तर ती सुओ मोटो नाही.

प्रायमा फेसी. याला मराठीत 'प्रथमदर्शनी' हा चांगला रुळलेला शब्द आहे, तोच वापरा. पण घोळ वेगळाच होतो. जामिनाच्या अर्जावर कोर्ट म्हणतं की प्रथमदर्शनी आरोपात तथ्य दिसतंय, आणि दुसऱ्या दिवशी हेडलाईन 'कोर्टाने दोषी धरले'. अहो अजून साक्षीपुरावा सुरू पण झालेला नाही! प्रथमदर्शनी म्हणजे आत्ता समोर जे कागद आहेत त्यावरून इतकं दिसतंय, उद्या उलटतपासणीत ते सगळं पडू शकतं. हेडलाईनमध्ये जागा नसते हे मान्य, मी स्वतः हेडलाईन कापल्यात, पण प्रथमदर्शनी कापायचं नाही, बाकी काहीही कापा.

याला लागूनच ओबिटर हा प्रकार आहे. निकालाचा जो भाग पुढच्या केसेसना बांधून ठेवतो तो रेशिओ, आणि न्यायाधीश जाता जाता जे बोलले ते ओबिटर. पेपरात हा शब्द क्वचितच येतो पण बातम्या मात्र निम्म्या याच्यावरच चालतात, 'कोर्टाने महापालिकेला झापले', 'कोर्टाने कान टोचले'. ही झापाझापी बऱ्याचदा तर निकालात पण नसते, सुनावणीत तोंडी झालेली असते. कोविडमध्ये मद्रास हायकोर्ट निवडणूक आयोगाला तोंडी म्हणालं होतं की तुमच्यावर खुनाचे गुन्हे लावायला हवेत, आयोग सुप्रीम कोर्टात गेला, आणि मे २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सुनावणीत काय बोललं गेलं हे छापायचा मीडियाला हक्क आहे, पण ते बोलणं म्हणजे ऑर्डर नाही. तेव्हा छापा की, फक्त 'तोंडी म्हणाले' आणि 'आदेश दिला' या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. लेखी ऑर्डर हायकोर्टाच्या साईटवर केस नंबर टाकून मिळते, आणि ठाणे किंवा बेलापूर कोर्टातली केस असेल तर ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर सीएनआर नंबर, म्हणजे त्या केसचा ओळख क्रमांक, टाकला की पुढची तारीख आणि बऱ्याचदा आदेश पण दिसतो. पाच मिनिटांचं काम आहे, पण कोणी करत नाही.

आता माझा आवडता, इन कॅमेरा. याच्याइतका गोंधळ दुसऱ्या कुठल्या शब्दाने घातला नसेल. लॅटिनमध्ये कॅमेरा म्हणजे खोली. फोटो काढायच्या यंत्राला ते नाव लागलं ते कॅमेरा ऑब्स्क्युरावरून, म्हणजे अंधारी खोली, तिच्या एका भिंतीला बारीक भोक असायचं आणि त्यातून आलेल्या उजेडाने समोरच्या भिंतीवर बाहेरचं चित्र उलटं पडायचं. कोर्टाचं इन कॅमेरा म्हणजे त्या जुन्या अर्थाने खोलीत, बंद दाराआड, बाहेरच्यांना मज्जाव. बलात्काराचे खटले असे चालतात, पोक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याच्या ३७ व्या कलमात तर मुलांच्या केसेस इन कॅमेराच चालवायच्या असं स्पष्ट लिहिलंय. पण आपल्या मराठी पेपरात 'इन कॅमेरा शवविच्छेदन' असं येतं तेव्हा अर्थ काय असतो? तर शवविच्छेदनाचं व्हिडिओ शूटिंग केलं! कोठडीत मृत्यू झाला, नातेवाईक म्हणतात मृतदेह ताब्यात घेणार नाही, मग इन कॅमेरा पोस्टमॉर्टेम होतं, म्हणजे कॅमेऱ्यासमोर. एकाच पानावर वर इन कॅमेरा सुनावणी म्हणजे कोणी बघायचं नाही आणि खाली इन कॅमेरा पोस्टमॉर्टेम म्हणजे नंतर सगळ्यांना बघता यावं म्हणून रेकॉर्डिंग. असं पान मी डोळ्यांनी बघितलंय, आणि दोन्ही कॉप्या एकाच माणसाच्या हातून गेलेल्या.

हे बदलायचं कसं, तर शब्दच टाळायचा. कोर्टाचं असेल तर 'बंद दाराआड सुनावणी' लिहा, दवाखान्याचं असेल तर 'चित्रीकरणासह शवविच्छेदन' लिहा. काही शुद्धतावादी म्हणतील की दुसरा वापर चूकच आहे. लॅटिनच्या हिशोबाने आहेच, पण सिव्हिल हॉस्पिटलबाहेर उभा असलेला नातेवाईक पण तोच शब्द वापरतो आणि त्याला काय म्हणायचंय ते सगळ्यांना कळतं, त्यामुळे बोलण्यात कोणाला टोकायला जाऊ नका, छापताना तेवढं बघा.

एक्स ग्रेशिया हा शब्द म्हणून कमी दिसतो पण त्याचं मराठी रूप आपल्याकडे दर दिवाळीला गाजतं, सानुग्रह अनुदान. ठाणे महापालिका, नवी मुंबई महापालिका, टीएमटी म्हणजे ठाण्याच्या बससेवेचे कर्मचारी, दसरा झाला की बातमी ठरलेली, यंदा किती आणि गेल्यावर्षीपेक्षा किती वाढ. लोक त्याला बोनस म्हणतात. पण कागदावर बोनस नाही, अनुग्रह, म्हणजे कृपा म्हणून दिलेलं. बोनसचा कायदा महापालिकेला लागू नाही, म्हणून तो शब्द टाळून सानुग्रह, आणि म्हणूनच दरवर्षी नव्याने मागणी, नव्याने बैठका आणि आयुक्तांची मंजुरी.

हाच शब्द अपघातात फार महत्त्वाचा होतो आणि इथे जरा थांबून वाचा. एप्रिल २०२३ मध्ये खारघरला महाराष्ट्र भूषणच्या कार्यक्रमात उष्माघाताने माणसं गेली तेव्हा मुख्यमंत्र्यांनी वारसांना पाच पाच लाख जाहीर केले. ती मदत. तिच्यात चूक कोणाची हे ठरत नाही, सरकार हात पुढे करतं इतकंच. नुकसानभरपाई हे वेगळं प्रकरण, ती हक्काने मागायची आणि ठरवणारं कोणीतरी तिसरं. रेल्वेचं उदाहरण घेतलं की फरक एकदम कळतो, कारण आपल्याकडे मुंब्रा-दिवा पट्ट्यात लोकलमधून पडून माणसं जातात ही काही नवीन गोष्ट नाही. २०२३ मध्ये रेल्वेने मदतीची रक्कम वाढवली, गाडीच्या अपघातात मृत्यू झाला तर एक्स ग्रेशिया पाच लाख. पण रेल्वे दावा न्यायाधिकरणात जाऊन जी भरपाई मागायची ती मृत्यूसाठी आठ लाख, २०१७ पासून, आणि तिकीट किंवा पास असलेला प्रवासी गर्दीत गाडीतून पडला तर त्याच्या घरच्यांना तिथे दावा लावता येतो, कायद्यातले अपवाद सोडून. ही दोन वेगळ्या खिडक्यांची कामं आहेत. बातमीत 'रेल्वेकडून पाच लाखांची भरपाई' असं छापलं की घरच्यांना वाटतं संपलं, मिळाले ते मिळाले, आणि दावा कोणी टाकतच नाही. एका चुकीच्या शब्दाने एखाद्या घराचं खरंच नुकसान होऊ शकतं, म्हणून एक्स ग्रेशियाला मदत म्हणा, सानुग्रह मदत म्हणा, पण भरपाई म्हणू नका.

स्टेटस को साठी मराठीत 'जैसे थे' हा इतका मस्त शब्दप्रयोग आहे की लॅटिन हवंच कशाला. अनधिकृत बांधकामांच्या बातम्यांमध्ये हा सतत लागतो, दिघ्यापासून दिव्यापर्यंत. स्थगिती आणि जैसे थे मात्र एक नाही. महापालिकेच्या नोटिशीला स्थगिती मिळाली तर पालिकेचा हात थांबला. जैसे थे मिळालं तर दोघांचेही थांबले, पालिकेने पाडायचं नाही आणि बिल्डरने वर एक वीट चढवायची नाही. फ्लॅट बुक करून बसलेल्या माणसाला यातलं काय मिळालंय हे कळायलाच हवं. आणि कुठल्या तारखेला होतं तसं, हे पण बघा. स्टेटस को अँटे असं असेल तर ते आत्ताचं नाही, वाद सुरू व्हायच्या आधीचं, लडाखच्या बातम्यांमध्ये एप्रिल २०२० ची स्थिती परत आणा अशी जी मागणी यायची ती हीच.

सब ज्युडिस, म्हणजे न्यायप्रविष्ट. पुढाऱ्यांचा हा लाडका शब्द. माईक समोर आला की 'विषय न्यायप्रविष्ट आहे, बोलणं उचित नाही', आणि पाच मिनिटांनी त्याच विषयावर विरोधकांना शिव्या. केस कोर्टात आहे म्हणून त्यावर बोलताच येत नाही किंवा बातमीच देता येत नाही असं काही नाहीये, चालू खटल्यात ढवळाढवळ होईल असं करायचं नाही इतकंच आहे. कोर्टाला खरंच बातमी थांबवायची असेल तर तसा वेगळा आदेश द्यावा लागतो, २०१२ च्या सहारा-सेबी प्रकरणात सुप्रीम कोर्टाने तो कधी आणि किती काळासाठी देता येईल ते सांगून ठेवलंय. तेव्हा कोणी न्यायप्रविष्टची ढाल पुढे केली तर पुढचा प्रश्न विचारा, बंदीचा आदेश आहे का, असेल तर दाखवा.

हेबियस कॉर्पस बद्दल घाबरू नका. घटनेच्या मराठी मजकुरात त्याला देहोपस्थिती म्हटलंय, माणूस समोर आणून उभा करा. पोलिसांनी उचलून नेलं आणि कुठे ठेवलंय कळत नाही, किंवा मुलगी घरातून गेली आणि बाप म्हणतो डांबून ठेवलंय, तेव्हा ही याचिका येते. नियमित रिपोर्टर नुसतं हेबियस म्हणतात. आणीबाणीत २८ एप्रिल १९७६ ला सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक असं म्हटलं की आणीबाणी असताना ही याचिका पण करता येणार नाही, एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात राहिले, आणि तो निकाल सुप्रीम कोर्टाने अधिकृतपणे मोडीत काढायला २०१७ उजाडलं. एका लॅटिन शब्दाला इतका मोठा इतिहास आहे म्हणून हा एक मी मराठीच्या शेजारी ठेवू देईन.

क्राईमवाल्यांचं लॅटिन वेगळं. मोडस ऑपरेंडी, पोलिस ठाण्यात नुसतं एमओ. सोनसाखळी चोर दुपारी येतात, पत्ता विचारतात, एकजण गाडी चालू ठेवतो, ही त्यांची एमओ. मराठीत कार्यपद्धती लिहितात पण ते ऐकून असं वाटतं की चोरांनी परिपत्रक काढलंय. 'चोरीची पद्धत' लिहा, झालं. अमायकस क्युरी म्हणजे कोर्टाने मदतीला घेतलेला वकील. हा कसाबच्या अपिलात गाजला, सुप्रीम कोर्टाने राजू रामचंद्रन यांना नेमलं होतं आणि लोकांना वाटलं हे कसाबने केलेले वकील. नेमणूक कोर्टाची होती, आरोपीची बाजू मांडायची जबाबदारी कोर्टाने त्यांच्यावर टाकली होती. न्यायालयाचा मित्र असं लिहून पुढे एक वाक्य जोडा की नेमलं कोणी.

क्विड प्रो को आलं की कान टवकारा, कारण लाच म्हणायचं धाडस नसलं की हा शब्द येतो. 'एका हाताने दे, दुसऱ्या हाताने घे'. निवडणूक रोख्यांच्या फेब्रुवारी २०२४ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने हाच शब्द वापरला होता, देणगीच्या बदल्यात काहीतरी मिळण्याची शक्यता म्हणून. 'शक्यता' आणि 'झालं' यातला फरक तिथे पण ठेवायचा.

सभागृहातलं लॅटिन थोडं. सायने डाय म्हणजे पुढची तारीख न देता तहकूब. अध्यक्ष सभागृह असं तहकूब करतात, पण अधिवेशन अधिकृतपणे संपवणं म्हणजे सत्रसमाप्ती, ती राष्ट्रपती किंवा राज्यपाल करतात, पेपरात दोन्ही एकच करून टाकतात. प्रोटेम स्पीकर म्हणजे हंगामी अध्यक्ष, कालिदास कोळंबकर २०१९ ला आणि २०२४ ला होते ते. डायस नॉन हा सरकारी नोकरांना बरोबर माहीत असतो, संपावर गेलात तर ते दिवस अकार्य दिन, पगार नाही आणि सेवेत धरत पण नाहीत, त्यामुळे संपाच्या बातमीत हा शब्द आला की कर्मचारी बाकी सगळं सोडून आधी तेवढंच वाचतात.

आणि कोरम, तो तर आपल्या जिन्याखालीच आहे. सोसायटीच्या वार्षिक सभेच्या नोटिशीखाली ती ठरलेली ओळ असते ना, 'गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व त्यास गणसंख्येचे बंधन राहणार नाही'. आदर्श उपविधीप्रमाणे कोरम म्हणजे एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा वीस, जे कमी असेल ते. नौपाड्यातल्या जुन्या बिल्डिंगीत पण अर्धा तास थांबून आठ माणसांत सभा उरकतात आणि ती चालते. पण पुनर्विकासाच्या सभेला ही अर्ध्या तासाची सवलत नाही, तिथे ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे दोन तृतीयांश सभासद हवेतच आणि मंजुरीला एकूण सभासदांपैकी ५१ टक्के. लोकल बातमी लिहिणाऱ्याने 'सभेत एकमताने मंजूर' लिहायच्या आधी हजेरीचं रजिस्टर बघितलेलं बरं.

बाकीचे मी पटापट सोडतो. पर कॅपिटा म्हणजे दरडोई, पर अ‍ॅनमला तर आपल्याकडे द. सा. द. शे. मधलं द. सा. होतंच. बोनाफाईड शाळेच्या क्लार्कने घरोघरी पोचवलंय, ते तसंच राहू दे. व्हाया पण लॅटिनच, मात्र एनएमएमटीच्या बसवर 'मार्गे' छान दिसतं. ती बस स्वतःच ऑम्निबस, म्हणजे 'सगळ्यांसाठी' या लॅटिन शब्दाचं शेपूट आहे. व्हिजा-व्ही आणि एन मास हे लॅटिन नाहीत, फ्रेंच आहेत, लेखात 'लॅटिन म्हणीप्रमाणे' असं लिहून ते टाकू नका, कोणीतरी खवट वाचक पत्र पाठवतोच.

शेवटी एएम-पीएम, ते पण लॅटिन, मध्यान्हाच्या आधी आणि नंतर. पाणी बंदच्या बातमीत हे हमखास नडतं, एमआयडीसीचं शटडाऊन 'शुक्रवार १२ एएम पासून' छापलं की निम्मी कळवा शुक्रवारी दुपारी बादल्या भरायला काढणार आणि पाणी गुरुवारी रात्रीच गेलेलं असणार. तिथे 'गुरुवारी मध्यरात्री १२ पासून शुक्रवारी मध्यरात्री १२ पर्यंत' असं दोन्ही वारांसकट लिहा, आणि जमलं तर 'गुरुवारी संध्याकाळीच पाणी भरून ठेवा' हे पण जोडा.